वाटणीला आलेले काका

"आपण कुणाकडून?"

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे काका कुठेही पोहोचले की त्यांचा पहिला प्रश्न हा असे. विचारताना उजव्या हाताचा अंगठा आधी डावीकडे, मग उजवीकडे हलायचा आणि उत्तर मिळेपर्यंत तसाच हवेत थांबायचा. पार्किंगमध्ये दोन बोके पाठी फुगवून समोरासमोर उभे असले तरी काका जिन्यात थांबून मला विचारणार, "आपण कुणाकडून?" मी म्हणायचो, "काका, बोके आहेत ते. आपण कुणाकडूनच नाही." यावर ते माझ्याकडे असे बघायचे, जणू मी दोन्ही बोक्यांचा अपमान केला आहे.

तुम्ही म्हणाल, असतात अशी माणसं. नसतात! मी पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे, चष्म्याचं दुकान चालवतो, रोज लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून बघणं हा माझा धंदा आहे. असा दुसरा नमुना मी पाहिलेला नाही. एकदा त्यांना माझ्या चुलतबहिणीच्या मुलीच्या लग्नाला नेलं. लॉन्सच्या दारातच अंगठा हलला. मी बेसावधपणे बोलून गेलो, "आपण मुलीकडून."

झालं! नवऱ्या मुलाचे मामा पहिल्या रांगेत आमच्या आत्याच्या खुर्चीवर बसले होते, त्यांना काकांनी उठवलं. वरातीच्या बँडवाल्यांना दटावलं. अक्षता टाकल्या त्या फक्त मुलीच्या डोक्यावर. जेवताना मुलाकडचा एक गृहस्थ जिलबीचा आग्रह करायला आला, तर ताटावर आडवा हात धरून म्हणाले, "तुमच्याकडून नको." बहिणीने पुढे महिनाभर माझ्याशी अबोला धरला. सांगा, हा न्याय आहे? जिलबी नाकारली त्यांनी आणि शिक्षा मला!

काका मूळचे मनमाडचे. वडील रेल्वेच्या कारखान्यात फिटर, घर रेल्वे कॉलनीत. त्या काळी कॉलनीच्या मैदानावर रविवारी फुटबॉलचा सामना व्हायचा. एका बाजूला कारखान्याचा संघ, दुसऱ्या बाजूला इंजिन ड्रायव्हरांचा. काका स्वतः कधी खेळले नाहीत. "चेंडू जवळ आला की माझे पाय एकमेकांत अडकतात," असं ते स्वतःच सांगायचे. पण सातव्या वर्षापासून ते कारखान्याच्या संघासाठी ओरडत आले. ओरडणं हेच त्यांचं खेळणं होतं. पुढे खेळाडूंच्या बदल्या झाल्या, काही निवृत्त झाले, नवे कुणी आले नाहीत आणि संघ संपला. काकाही रेल्वेतच लागले, निवृत्त होऊन नाशिकला आले. घर होतं, पेन्शन होती, लेक बँकेत नोकरीला होती. नव्हता तो फक्त संघ.

"टीव्हीवर लागतात की सामने," मी एकदा म्हणालो.

काका तीन पायऱ्या खाली उतरून आले. "त्या टीव्हीतल्या गड्याला माझा आवाज ऐकू जातो का?"

"नाही."

"मग मी त्याच्याकडून कसा? ज्याचा आवाज मैदानात पोचत नाही तो समर्थक नव्हे. तो गिऱ्हाईक!"

रविवारी सकाळी अख्खं नाशिक मिसळ खायला शहराबाहेर पडतं. काकांची गाडीही पडायची, पण ती मिसळीच्या प्रत्येक पाटीसमोरून न थांबता पुढे जायची. याचा मला आजही संताप आहे. काका चालवायला. शेजारी काकू, मांडीवर ताट आणि ताटात मेथीची जुडी. मागे लेक स्वाती, कानात इअरफोन खुपसून, आणि तिच्या शेजारी मी. मी कशाला? तर "मागे वजन कमी पडलं की गाडी उड्या मारते" म्हणून. माझी बायको मला या कामासाठी आनंदाने उसनं द्यायची.

घरच्यांना सांगितलेलं असायचं की आपण निसर्ग बघायला चाललो आहोत. पण निसर्गात कुठे सपाट जागा दिसली की गाडी थांबे. काका उतरत, कपाळावर हात धरून बघत आणि चिडून परत येत. सगळीकडे क्रिकेट! एका रविवारी गोदावरीचा काठ बघायचा म्हणून आम्ही सायखेड्याला गेलो. नदीकडे काकांनी पाठ केली आणि कांद्याच्या चाळीपाशी उभ्या असलेल्या एका शेतकऱ्याला गाठलं.

"इथे फुटबॉल कोण खेळतं?"

"फुटबॉल नाय बा. क्रिकेट लय हाय." तो माणूस भला होता, पाहुणा रिकाम्या हाताने जाऊ नये असं त्याला वाटलं. "सांजच्याला व्हॉलीबॉल असतो. चालंल का?"

"चालंल का म्हणतो!" काका गाडीत बसून दार आपटत म्हणाले. "भुकेल्याला कुणी विचारतं का, जेवण नाही, पंख्याचा वारा घालू, चालेल का?"

काकू प्रत्येक रविवारी एकच वाक्य बोलायच्या. ताटातली मेथी निवडून संपली की म्हणायच्या, "झालं का बघून? मेथी संपली." याचा अर्थ, घरी चला. मला वाटायचं, बिचारी शांत बाई आहे. मी चष्मेवाला असून मला तेव्हा काहीही दिसत नव्हतं.

मग एका डिसेंबरात आम्ही घोटीच्या पुढे डोंगराकडे वळलो. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, नाहीतर तुम्ही पुढच्या रविवारी गाड्या घेऊन तिथे हजर व्हाल आणि पुन्हा तेच सगळं निस्तरावं लागेल. भात कापून झालं होतं. खाचरं कोरडी पडली होती, पेंढ्याच्या गंज्या रचलेल्या होत्या. रस्त्याला वळण आलं आणि एका बांधामागून चेंडू वर उडाला. एकदाच दिसला, खाली गेला. काकांनी गाडी बंदही केली नाही. दार उघडं टाकून ते धावत सुटले.

त्या खाचरात चौदा पोरी फुटबॉल खेळत होत्या. तेरा ते वीस वयाच्या असतील, बहुतेक अनवाणी. एकीच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, ते तिने दातात धरलं होतं. एका टोकाला गोलासाठी दोन बांबू, दुसऱ्या टोकाला पेंढ्याचे दोन भारे. पायाखाली भाताची धसकटं. त्या धसकटांवर गोलात उभी असलेली एक लांबटांगी पोरगी सपशेल आडवी पडली आणि तिने चेंडू अडवला. तिचं नाव मनीषा, हे नंतर कळलं. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी शपथेवर सांगतो.

बांधावर एक पन्नाशीची बाई बसली होती. हिराबाई. खाचर तिचं होतं. काका धापा टाकत तिला म्हणाले, "आपण कुणाकडून?"

"कुणाकडून म्हंजी? खेळ चाललाय. बसा, बघा."

काकांनी मनीषाची बाजू धरली आणि तासभर जे ओरडले! आधी पोरी दचकल्या, मग हसल्या, मग मुद्दाम त्यांच्याकडे बघत चेंडू मारायला लागल्या. परतताना काकांचा घसा पार बसला होता. घोगऱ्या आवाजात ते म्हणाले, "मिळाला. संघ मिळाला." त्या दिवशी त्यांनी मला मिसळ खाऊ घातली. तिखट इतकी की मीही मुका झालो.

पुढच्या रविवारी काका 'आपल्या संघासाठी' संत्री घेऊन गेले आणि बांधावर पोहोचताच त्यांनी डोक्यावर हात मारून घेतला. मागच्या वेळी मनीषाच्या बरोबर खेळलेल्या निम्म्या पोरी आज तिच्याविरुद्ध खेळत होत्या!

"हे काय? ही फितुरी आहे!"

फितुरी नव्हती, वाटणी होती. तुम्हीआम्ही लहानपणी करायचो तशीच. दोघी जणी जोडीने लांब जायच्या, एकमेकींच्या गळ्यात हात टाकून गुपचूप नावं ठरवायच्या आणि परत येऊन दोन्ही कप्तानांपुढे उभ्या राहायच्या. "जांभूळ पाहिजे का करवंद?" कप्तान म्हणायची, "करवंद." मग जी करवंद असेल ती इकडे, जांभूळ तिकडे. दर रविवारी नव्या जोड्या, नवी नावं, नवे संघ.

"संघ म्हणजे काय सोडत आहे?" काका हिराबाईवर कडाडले. "आज ही इकडे, उद्या तिकडे. मग मी निष्ठा ठेवायची कुठे?"

हिराबाई शांतपणे म्हणाली, "वरचा पाडा आन् खालचा पाडा, दोनी पाड्यांच्या पोरी हायेत. मागं पाड्याइरुद्ध पाडा आसं खेळायच्या. त्याची लय भांडणं झाली, मोठ्या माणसांत गेली. तवापासून वाटणी करायची, आसं ठरलंय."

आता इथे शहाण्या माणसाने काय करावं? गप्प बसावं. काका म्हणाले, "बाई, भांडण नाही तर फुटबॉल कसला?"

आणि मी? मी हसलो. एवढंच नाही, पुढल्या आठवड्यात त्यांच्याबरोबर दुकानात जाऊन निळे टी-शर्ट निवडले. या गुन्ह्यात मी बरोबरीचा वाटेकरी आहे. मनीषा खालच्या पाड्याची, म्हणून काकांचा संघ खालचा पाडा. सात टी-शर्ट, पाठीवर आकडे, मनीषाला एक नंबर. आठवा काकांनी स्वतःसाठी घेतला, त्यावर आकडा नव्हता. वरच्या पाड्याचं काय, असं मी विचारलं. काका म्हणाले, "त्यांनी त्यांचा समर्थक शोधावा."

निळे कपडे बघून खालच्या पाड्याच्या पोरी हरखल्या. वरच्या पाड्याच्या पोरी बांबूंकडे निघून गेल्या. त्या दिवशी वाटणी झाली नाही. कपड्यांनीच ती केली होती. खेळ सुरू झाला आणि पाच मिनिटांत मला कळलं की हा निराळा खेळ आहे. कुणी हसत नव्हतं. कोपरं लागत होती. वरच्या पाड्याच्या एका पोरीचा ओठ फुटला. पेंढ्याच्या भाऱ्याच्या आतून गेला की बाहेरून, या एका गोलावरून बांधावरच्या बायका उभ्या राहिल्या आणि असं काही काही बोलल्या, ज्याचा चेंडूशी काही संबंध नव्हता. काका मात्र स्वर्गात होते. खालचा पाडा तीन-एकने जिंकला. "हा खरा फुटबॉल!" ते गाडीत स्टिअरिंगवर थापा मारत म्हणाले. काकूंनी त्या दिवशी अर्धीच मेथी निवडली होती. तेही माझ्या लक्षात आलं नाही.

त्यापुढच्या रविवारी खाचरात कुणीही नव्हतं.

एक म्हैस होती. बांबू जागेवर होते. आठवा निळा टी-शर्ट घातलेले काका मैदानाच्या मधोमध उभे राहून चारी दिशांना बघत होते. हिराबाई पायवाटेने आली. तिच्या हातात एक गाठोडं होतं, ते तिने काकांच्या पुढ्यात ठेवलं. सातही टी-शर्ट. धुऊन, घडी घालून.

"पोरी कुठायत?" काकांनी विचारलं.

"आपापल्या घरी. पानी आनायला आता दोन निराळ्या वाटंनी जात्यात." हिराबाईचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागत होता. "पोरी शाळंत येका बाकावर बसायच्या, त्या बसंना झाल्यात. काल आमच्या दोन घरची मानसं येकमेकांच्या दारापर्यंत गेली. तुमी रविवारी येता काका, दोन घटका वरडता आन् जाता. आमाला हितं साती दिस ऱ्हायाचं हाय."

"पण मी तर प्रेमाने..."

"तेच सांगतीया. तुमचं प्रेम आमाला झेपंना."

ती निघून गेली. म्हशीने काकांकडे पाहिलं आणि तीही निघाली.

गाडीत काका पेटलेले होते. "माझं काय चुकलं? पोरींना कपडे दिले, उत्साह दिला, घसा फोडून घेतला. आणि हे फळ? हा सरळसरळ अन्याय आहे!"

"गाडी बाजूला घ्या," काकू म्हणाल्या.

तो आवाज इतका अनोळखी होता की मी आधी मागे वळून बघितलं. काकांनी गाडी बाजूला घेतली. स्वातीने कानातून एक इअरफोन काढला.

"अन्याय?" काकू म्हणाल्या. "अहो, तुम्हाला माणसं दिसतात का कधी? तुम्हाला नुसत्या बाजू दिसतात! चौदा पोरी हसत खेळत होत्या, त्या तुम्हाला पुरल्या नाहीत. त्यातल्या सात तुमच्या आणि सात परक्या केल्यात तेव्हा तुमचं पोट भरलं. घरी दुसरं काय केलंत? सासूबाई आणि मी स्वयंपाकघरात बोलत असायचो, साधं बोलत असायचो, मिठावरून, डाळीवरून. तुम्ही ऑफिसातून यायचात आणि दारातूनच त्यांच्या बाजूने ओरडायला लागायचात! आम्हा दोघींचं भांडण नव्हतंच हो. तुम्ही लावून दिलंत. पंचवीस वर्षं मी हरणाऱ्या बाजूला बसले. आता या पोरींचं तसं करू नका."

त्यांनी ताटातली मेथीची देठं मूठभर उचलली आणि खिडकीबाहेर फेकली. मग जरा थांबून पानंही फेकली. मी आणि स्वाती सीटमध्ये शक्य तेवढे बारीक होऊन बसलो. काका समोरच्या काचेतून बघत राहिले. त्या दिवसाआधी मी त्यांना बाजू नसलेला असा कधी पाहिला नव्हता.

दोन रविवार गाडी पार्किंगमध्येच होती. तिसऱ्या रविवारी सकाळी काकांनी माझी बेल वाजवली. अंगात पांढरा सदरा. "चला. माफी मागायची आहे. एकट्याला जमत नाही." काकू आणि स्वाती आधीच गाडीत बसल्या होत्या.

त्यांना दुकट्यानेही जमत नव्हतं. वरच्या पाड्यात पहिल्याच घरी ते म्हणाले, "चूक माझी आहे. पण तो गोल भाऱ्याच्या आतूनच गेला होता." काकूंनी मागून त्यांचा सदरा ओढला. दुसऱ्या घरी 'पण' आला नाही. ज्या पोरीचा ओठ फुटला होता तिच्या अंगणात ते उन्हातच हात जोडून उभे राहिले. शेवटी तिची आजी म्हणाली, "बस रे बाबा, च्या घे." दोन्ही पाड्यांतली मिळून तेरा घरं. तेरा चहा. काकूंनी माफीबरोबर प्रत्येक घरी पोरीलाही बाहेर बोलावलं, पाठीवरून हात फिरवला, आणि कशा कोण जाणे, दुपारपर्यंत चौदाही पोरी खाचरात जमल्या. पण दोन ढिगांत. मध्ये मोकळी जागा.

मनीषा पुढे आली. गालावर धसकटाचा जुना ओरखडा, कमरेवर हात.

"काका, आमी खेळू. पन तुमी बी वाटणीत यायचं."

"मला खेळता येत नाही गं."

"खेळायचं नाय. वरडायचं. ज्याच्या वाट्याला याल त्याचंच वरडायचं. दर रविवारी."

काकांचा चेहरा असा झाला, जणू त्यांना धर्म बदलायला सांगितलं आहे. "म्हणजे माझा संघ करवंद-जांभळावर ठरणार?"

"आमचा ठरतोय की!"

हिराबाई बांधावरून म्हणाली, "आन् जोडी लागंल. येकल्याला वाटणीत घेत नाय."

सगळ्यांचे डोळे काकूंकडे वळले. काकू नुकत्या गाडीजवळ ताट घेऊन बसल्या होत्या. त्यांनी ताट माझ्या हातात दिलं, पदर खोचला आणि निघाल्या. दोघं खाचराच्या टोकापर्यंत गेले. पासष्टीचे काका आणि साठीच्या काकू, भर दुपारी, दोन पाड्यांच्या देखत, एकमेकांच्या गळ्यात हात टाकून कुजबुजत होते. पोरी तोंडाला ओढणी लावून हसत होत्या. दोन्ही ढिगांतल्या. स्वातीने मोबाइल वर धरला, मग कोण जाणे का, फोटो न काढताच खाली घेतला.

परत येऊन काका गंभीरपणे म्हणाले, "लोणचं का मुरंबा?"

"मुरंबा!" मनीषा म्हणाली.

मुरंबा काकू होत्या. काका आयुष्यात पहिल्यांदा मनीषाच्या विरुद्ध बाजूला गेले. जाताना पुटपुटले, "नावं हिने ठरवली. यात काहीतरी गडबड आहे."

त्या दिवशी मला कळलं की काकूंना आवाज आहे. आवाज कसला, इंजिनाची शिट्टी! चाळीस वर्षं कोंडलेली वाफ होती ती. मनीषाच्या बाजूचा गोल झाला तेव्हा त्या अशा काही ओरडल्या की समोरच्या बांधावर काका खाली बसले. निळे टी-शर्ट आम्ही पुन्हा गाडीतून काढले. वाटणी झाली की कुठल्यातरी एका बाजूने ते घालायचे असं हिराबाईने ठरवून दिलं. घामेजलेले ते कपडे रविवारी संध्याकाळी कधी वरच्या पाड्यात वाळत दिसायचे, कधी खालच्या.

तीन हिवाळे हे चाललं. वाटणी मनासारखी झाली नाही की काका फुरंगटायचे, पुन्हा वाटणी करा म्हणायचे, पोरी त्यांना रडीचा डाव म्हणून चिडवायच्या. पण खेळ सुरू झाला की वाट्याला आलेल्या बाजूसाठी जीव तोडून ओरडायचे. मागच्या रविवारी जिला नावं ठेवली, तिचाच या रविवारी जयजयकार! परतीच्या वाटेवर पुढच्या सीटवर दोघांचं जुंपायचं. "तो गोल ढकलून होता." "ढकलून नव्हता, तुमची पोरगी झोपली होती." "तुमची म्हणू नकोस, पुढच्या रविवारी तुझी असेल!" स्वाती इअरफोन घरीच ठेवून यायला लागली. एवढी चांगली करमणूक कोण सोडेल? काकूंनी मेथी आणणं बंद केलं. घरी मेथी कोण निवडायचं ते मी विचारलं नाही. पण एकदा काकांच्या नखांत हिरवं दिसलं होतं.

आणि मग श्रावणात, शेतांत गुडघाभर भात असताना, हा माणूस गेला. सकाळी चहाचा कप हातात घेतला आणि गेला. ना आजार, ना निरोप. मी रागावलो होतो आणि अजून रागावलेला आहे. कुणालाही न विचारता असं उठून जायचं, ही कुठली पद्धत? चार दिवसांनी घोटीहून दोन जीपगाड्या आल्या. हिराबाई, दोन्ही पाड्यांची माणसं आणि सगळ्या पोरी आमच्या जिन्यात दाटीवाटीने उभ्या होत्या. एका जीपमध्ये किती माणसं कोंबली होती ते मी मोजलं नाही. मनीषा काकूंच्या पायाशी बसून होती.

भात कापून झाल्यावर एका रविवारी काकू खाली आल्या आणि गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. "तुम्ही चालवा. स्वाती येतेय."

खाचरात पोरी जमल्या होत्या. एकेक जोडी दूर जायला लागली. गळ्यात हात, कुजबुज, परत. काकू बांधाशी उभ्या होत्या, हात रिकामे. मी एक पाऊल पुढे टाकलं. म्हटलं, जोडी लागते ना, मी होतो. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. पण मी ते पाऊल मागे घेतलं.

सगळ्या जोड्या संपल्यावर मनीषा त्यांच्यासमोर आली. ती आता कॉलेजात जात होती, त्या दिवशीही कप्तान होती. लहान मुलांच्या खेळात जोडी न मिळालेला गडी उरला की तो दोन्हीकडून खेळतो; त्याला 'कॉमन' म्हणतात. मनीषा म्हणाली, "काकू, तुमी कॉमन. दोनीकडून वरडायचं."

काकूंनी मान हलवली.

खेळ सुरू झाला. पहिला गोल मनीषाच्या बाजूचा झाला. काकू उभ्या राहिल्या आणि ओरडल्या. नेहमीसारख्या नाही, पण ओरडल्या. मग बराच वेळ गेला. दुसरा गोल समोरच्या बाजूने केला, मनीषाच्या पायांमधून, फार सुरेख. काकू बसून राहिल्या. समोरच्या बांधाकडे बघत होत्या. तिथे पेंढ्याची गंजी होती आणि कुणी नव्हतं.

पोरी थांबल्या. चेंडू गोलात पडून होता. मनीषा कमरेवर हात ठेवून गोलातूनच ओरडली, आणि ती खरंच चिडली होती. "काकू! ह्यांचं बी वरडायचं! येक बाजू सोडून नाय चालायचं!"

काकू उठल्या. पदर खोचला. दोन्ही हात तोंडाशी धरले आणि त्या रिकाम्या बांधाच्या दिशेने, साऱ्या खाचराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या,

"अहो! झाला हो, तुमचा गोल झाला!"

कुणी हसलं नाही. मनीषाने चेंडू उचलला, चालत येऊन मैदानाच्या मधोमध ठेवला आणि आपल्या बाजूच्या एका पोरीला म्हणाली, "चल, मार."